सावली गृहीत धरू नका

कॅनाल द्यू मिदीवर सायकल चालवायला निघालेल्या बहुतेकांनी आधी फोटो पाहिलेले असतात. संथ हिरवट पाणी, दोन्ही काठांना उंच झाडं आणि त्यांच्या फांद्यांची वर जुळलेली कमान. ते फोटो खरे आहेत, पण जुने आहेत. दक्षिण फ्रान्समधला हा कालवा पिएर-पॉल रिके यांच्या योजनेनुसार १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत तो २४० किलोमीटर जातो. त्याच्या दुतर्फा सुमारे ४२,००० प्लेन वृक्ष होते, आपल्या काश्मिरी चिनाराच्या कुळातले. २००६ मध्ये त्रेब गावाजवळ त्यांच्यावर एक बुरशी सापडली. तिच्यावर औषध नाही. मुळांतून आणि पाण्यातून ती पसरते, म्हणून रोगट झाडाबरोबर शेजारची झाडंही पाडावी लागतात. हजारो झाडं अशी गेली. जागोजागी नवी रोपं लावली आहेत, पण त्यांची सावली पडायला अजून बराच काळ जायचा आहे.

जुलैतल्या एका दुपारी मी आणि माझा अकोल्याचा आतेभाऊ याच त्रेबच्या पुढे निघालो होतो. सकाळ कार्कासोनचा किल्ला पाहण्यात गेली, जेवण त्रेबला झालं. हवामान खात्याचा नारिंगी इशारा होता आणि औषधाच्या दुकानावरच्या हिरव्या क्रॉसवर ३९ अंशांचा आकडा लुकलुकत होता. भाऊ तो पाहून हसला. "ताई, हे काय ऊन हाय का? आपल्या अकोल्यात एप्रिलातच यापेक्षा जास्त तापते." साडेतीन वाजले होते, ऊन उतरेल या हिशेबाने आम्ही पायडल मारलं. मुक्काम ओंप्सला होता, सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर.

पहिला धडा इथेच आहे, आणि तो घड्याळाचा आहे. फ्रान्सचा हा भाग ग्रिनिचच्या जवळपास त्याच रेखांशावर आहे, पण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ ग्रिनिचच्या दोन तास पुढे असतं. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास. अकोल्यात तो साडेबाराच्या आसपास येतो. म्हणजे तिथले साडेतीन हे आपले दोन. सर्वांत जास्त तापमान चार ते सहाच्या दरम्यान असतं. "बारा ते तीन ऊन टाळा" हा आपल्याकडचा नियम तिथे पाळलात, तर सावलीत बसून नेमके सर्वांत वाईट वेळी बाहेर पडाल. तिथे दुपारी एक ते सात टाळायचे. जुलैत उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे संध्याकाळी सातनंतरही पंधरा-वीस किलोमीटर आरामात होतात. सकाळी साडेसहाला निघालात तर बाराच्या आत दिवसाचा मोठा भाग उरकतो. किल्ला किंवा चर्च पाहायचं तर आदल्या संध्याकाळी.

दुसरी गोष्ट वाटेची. तुलूझपासून सुमारे पन्नास किलोमीटर गुळगुळीत डांबरी वाट आहे, तिथे ताशी अठराचा वेग सहज मिळतो. त्यापुढे पूर्वी नावा ओढणारे घोडे चालत ती काठावरची वाट बऱ्याच भागात खडीची, अरुंद, मुळांनी उचललेली. सामान लादलेली सायकल तिथे ताशी दहा-बारावर येते. नकाशावर दोन तासांचं दिसणारं अंतर तीन-साडेतीन तासांचं होतं आणि पाणीही तेवढंच जास्त लागतं. अंतर पाहून दिवस आखू नका, उन्हात किती तास राहावं लागेल ते मोजा.

आमचं पाणी मार्सेयेतच्या पुढे संपत आलं. सायकलवर वारा लागत असतो, हवा कोरडी असते, त्यामुळे घाम आल्या आल्या वाळतो आणि आपण कोरडे आहोत असं वाटत राहतं. थांबलं की मग अंगातून धारा सुटतात. भावाच्या काळ्या बनियनवर पाठीला मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. तो बोलायचा बंद झाला होता, विचारलं की "हं" म्हणायचा. मग मी पाहिलं, पाणी पिऊन तो बाटली सायकलच्या पिंजऱ्यात ठेवायला गेला आणि ती तीनदा बाहेरच आपटली. चौथ्यांदा त्याने ती तशीच हातात धरली आणि एका हाताने हँडल सांभाळत निघाला. डाव्या हाताला कालवा होता.

पुढच्या दगडी पुलाखाली त्याला उतरवलं. झाडं गेलेल्या टप्प्यात हे जुने कमानदार पूलच काय ती खात्रीची सावली, म्हणून सकाळीच नकाशावर त्यांच्या खुणा करून ठेवाव्यात. त्याला आडवं केलं, पाय सामानाच्या पिशवीवर उंच ठेवले, बूट काढले, सुती दुपट्टा कालव्यात बुडवून मानेवर, काखांत, डोक्यावर पिळत राहिले. कालव्याचं पाणी अंगावर चालतं, तोंडात नाही आणि उघड्या जखमेवरही नाही. उंदीर तिथेही आहेत आणि लेप्टो तिथेही होतो. पोहायला बंदी आहेच. उरलेल्या पाण्यात पुण्याहून नेलेली ओआरएसची पुडी कालवून त्याला घोट घोट दिलं. अर्ध्या तासाने त्याने स्वतःहून प्रश्न विचारला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घाम येतोय, चक्कर, मळमळ, पण माणूस शुद्धीत आणि नीट बोलतोय, तोवर हे उपाय पुरतात. बोलण्यात भ्रम आला, शुद्ध हरपू लागली किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. मग तोंडाने काही देऊ नका, ११२ ला फोन लावा आणि मदत येईपर्यंत अंग थंड करत राहा. जागा सांगायला सर्वांत जवळच्या पुलाचं किंवा लॉकचं, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या जलदरवाजाचं, नाव पुरतं.

त्या रात्री ओंप्सची पैसे भरलेली खोली सोडली आणि जवळच्या गावातच मुक्काम केला. दुसरा दिवसही विश्रांतीत काढला, कारण एकदा ऊन लागलं की शरीर दुसऱ्या दिवशी लवकर हार मानतं.

आता पाण्याबद्दल. तासाला पाऊण लिटर धरा आणि पुढच्या खात्रीच्या नळापर्यंत जेवढे तास, तेवढं पाणी सोबत ठेवा. पण नुसतंच पाणी ढोसू नका, घामातून मीठ जातं ते भरून यायला हवं. ओआरएसच्या पुड्या भारतातून न्या. नसल्या तर लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. गावातली दुकानं दुपारी साडेबारा-एकला बंद होतात ती चारनंतरच उघडतात, रविवारी दुपारी तर कडीच. त्या वेळी दफनभूमी आठवा: फुलांना घालायला तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. पाटीवर 'नाँ पोताब्ल' असेल तर ते पिण्याचं नाही. आर्जांसच्या लॉकनंतर बेझिएपर्यंत चोपन्न किलोमीटर एकही लॉक नाही, म्हणजे लॉकवाल्याकडे बाटली भरून घेण्याची सोयही नाही. बाटलीवर ओला मोजा चढवा. कोरड्या हवेत तो माठाचं काम करतो.

आणि अकोल्याची फुशारकी. विदर्भातला माणूस ऊन सोसत नाही, तो ते चुकवतो. दुपारी दारं लावतो, डोक्या-तोंडाला दुपट्टा बांधतो, पन्हं पितो, कामं सकाळी आणि सांजच्याला उरकतो. सायकलीवर न्यायची असेल तर ही शिस्त न्या. लाल इशाऱ्याच्या दिवशी सायकल काढूच नका. कार्कासोन, लेझिन्याँ, नारबॉन, बेझिए इथून प्रादेशिक रेल्वेत सायकल चढवता येते.

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ज्याला ऊन लागतंय त्याला ते सर्वांत शेवटी कळतं, "ठीक आहे ना?" विचारून उपयोग नाही, उत्तर "हो"च येतं. त्याचं चाक सरळ चाललंय का, बाटली जागेवर बसतेय का, वाक्य पूर्ण होतंय का, हे बघा. आम्ही दोघांनी तेव्हापासून करार केला आहे: दोघांपैकी एकाने "थांबू" म्हटलं की दुसऱ्याने कारण न विचारता ब्रेक दाबायचा.