प्रार्थनेच्या दिवसाचा बंदोबस्त

महिन्यातून एखादा दिवस नित्याच्या व्यवसायातून बाजूला काढून तो घरीच, कोठल्या शिबिराला अथवा आश्रमाला न जाता, केवळ प्रार्थना, शास्त्रवाचन आणि मनन यांत घालवावा, अशी इच्छा आमच्या मंडळीतील पुष्कळ स्त्रीपुरुषांच्या मनात येते. राखेच्या बुधवारानंतरच्या उपवासकाळात ती विशेष प्रबळ होते, आणि त्यांपैकी काही जण माझे वय व या बाबतीतील माझी जुनी वहिवाट लक्षात घेऊन सल्ला विचारावयास येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की त्या दिवशी वाचावे काय. मी त्यांना उलट विचारते, की त्या दिवशी घरात पाणी कोण भरणार?

हे विचारण्याची सवय मला सासरी लागली. मामंजी महसूल खात्यात होते. तालुक्याच्या कचेरीत दप्तर सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती, आणि शिरस्ता त्यांच्या स्वभावात इतका मुरला होता, की प्रार्थनेच्या दिवसासाठीसुद्धा ते रीतसर किरकोळ रजेचा अर्ज देत. नगरच्या एका जुन्या वाड्यात आमच्या ताब्यात तीन खोल्या होत्या. त्यांपैकी मधली खोली त्या दिवशी पहाटेपासून बंद होई, आणि ती बंद झाली म्हणजे स्वयंपाकघरातून ओटीवर जाण्यासाठी बायकांना मागच्या दाराने, चौक ओलांडून, वळसा घालून जावे लागे. पाटा-वरवंटा वाजवावयाचा नाही, रेडिओ लावावयाचा नाही, भाजीवाली आली तर तिच्याशी घासाघीस खुणांनी करावयाची, तान्हे मूल रडू लागले तर त्याला उचलून शेजारी नेऊन ठेवावयाचे, आणि आल्यागेल्याला 'आज त्यांचा प्रार्थनेचा दिवस आहे' असे हळूच सांगून परत पाठवावयाचे, ही सर्व कामे सासूबाईंकडे व त्यांच्या हाताखाली माझ्याकडे असत. दिवेलागणीनंतर मामंजी उपवास सोडीत, तेव्हा त्यांना ऊन ऊन जेवण लागे. दार उघडून ते बाहेर येत त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर खरोखरच एक प्रसन्नता असे, आणि तिच्या खरेपणाविषयी मी तेव्हाही शंका घेतली नाही व आजही घेत नाही. परंतु एरवी अंथरुणावर बसून प्रभूची प्रार्थना म्हटल्यावाचून कधी आडव्या न होणाऱ्या सासूबाई त्या रात्री भांडी पालथी घालून तशाच निजत, हेही मी पाहिले आहे.

यशयाच्या ५८ व्या अध्यायात लोक देवापाशी गाऱ्हाणे घेऊन येतात, की आम्ही उपवास करतो, जिवाला कष्ट देतो, तरी तुझे इकडे लक्ष कसे नाही. आणि त्यांना जे उत्तर मिळते त्याचा आशय असा, की उपवासाच्या दिवशीही तुमचे आपले हित साधणे चालूच असते व तुम्ही आपल्या चाकरांना राबवून घेता. हा अध्याय मामंजींना तोंडपाठ होता. 'चाकर' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे मजूर किंवा शिपाई येत असावा. घरातल्या बायका त्या सदरात मोडतात, असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते, आणि ते त्यांच्या निदर्शनास आणून देण्याची त्या काळी आमची प्राज्ञा नव्हती.

आमच्या समाजात हा प्रश्न नवा नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. मधल्या काळातील ताटातूट, आणि पुढे संसार पुन्हा जुळल्यावरही धर्मासाठी व परोपकारासाठी घरातील पैशाअडक्याला फुटणारे पाय, हे सर्व लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. ते त्यांनी हसत हसत सांगितल्यामुळे वाचकही हसतो. मला मात्र त्या पुस्तकात दर वेळी एक जमाखर्च दिसतो: जमेच्या बाजूस टिळकांची भक्ती आणि त्यांची अवीट पदे, आणि खर्चाच्या बाजूस दुसऱ्याच कोणाची तरी सही. टिळक थोर होते, म्हणून तो खर्च पचला. आपण टिळक नव्हे.

तेव्हा ज्याला घरी असा दिवस पाळावयाचा आहे, त्याने प्रथम घरातील माणसांसमोर तो विषय मांडावा आणि त्यांची संमती घ्यावी. जाहीर करणे वेगळे आणि विचारणे वेगळे. रविवार घेऊ नये, तो मंडळीचा आहे. नळाला पाणी येण्याचा वार टाळावा. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते आणि त्या दिवशी घरातील एकही धडधाकट माणूस देवाच्या नावाने सुद्धा मोकळा सोडता येत नाही. कामवाली बाई सुट्टीवर असेल तो दिवस नको, मुलांच्या परीक्षेचा आठवडा नको. आपल्या वाट्याचे जे काम आहे ते आदल्या रात्री आपणच उरकावे, आणि जे उरकता येण्यासारखे नसेल, उदाहरणार्थ आजारी माणसाचे औषधपाणी, ते प्रार्थनेच्या दिवशीही आपल्याकडेच ठेवावे. फोन बंद करून कपाटात टाकावा, एवढे सांगितले म्हणजे त्या विषयी पुरे.

उपवासाविषयी मी फार बोलत नाही. पहिल्या शतकांतील 'डिडाखी' नावाच्या लहानशा ग्रंथात ख्रिस्ती लोकांनी बुधवारी व शुक्रवारी उपवास करावा असे सांगितले आहे, म्हणजे चाल जुनी आहे. पण मधुमेहाच्या माणसाने, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याने, डॉक्टरांना विचारल्यावाचून उपाशी राहणे ही भक्ती नसून घरच्यांना रात्री दवाखाना शोधावयास लावणे आहे. उपवास करणाऱ्याने संध्याकाळच्या जेवणाची फर्माईश करू नये. घरात जे रांधले असेल त्यावर भागवावे.

आता वाचनाविषयी. नवखा मनुष्य उत्साहाच्या भरात ११९ वे स्तोत्र काढून बसतो, ज्याला १७६ वचने आहेत. शिवाय एक शुभवर्तमान संपूर्ण, पौलाची दोनतीन पत्रे आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी चार पाने भरतील इतकी नावे, असा सगळा आराखडा तो तासातासाने आखतो. सकाळ उत्तम जाते. १०३ वे स्तोत्र गाता गाता डोळे भरून येतात. मग साधारण अकराच्या सुमारास आळस येऊ लागतो, आणि हा आळस झोपेचा नसतो. खिडकीशी जाऊन रस्त्यावर कोण आहे ते पाहावेसे वाटते, घड्याळ बिघडले आहे की काय अशी शंका येते, कोणी तरी भेटावयास यावे असे मनापासून वाटते, आणि ज्या खोलीत बसलो आहोत तिच्या भिंतीचा पोपडासुद्धा असह्य होतो. इजिप्तच्या वाळवंटात राहून इ. स. ३९९ मध्ये निवर्तलेल्या इव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने नेमके हेच वर्णन करून ठेवले आहे: दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्या तासापर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने दहापासून दोनपर्यंत, हे दुपारचे भूत साधूला गाठते, सूर्य जागचा हलेनासा करते, आणि कोठडीचा, हातातील कामाचा व सोबतच्या बांधवांचा वीट आणते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या वाळवंटात जे घडत होते, तेच आपल्या माजघरात घडले तर आपली श्रद्धा आटली असे समजून कष्टी होण्याचे कारण नाही.

त्यावर उपायही त्याच वाळवंटातला आहे. संत अंतोनीविषयी अशी कथा आहे, की अशाच वैतागात त्याने देवाला हाक मारली, तेव्हा त्याला आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोर वळीत होता, मध्येच उठून प्रार्थना करीत होता, आणि पुन्हा बसून दोर वळू लागत होता. आमच्याकडे हे समजावयास इतके लांब जावयास नको. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेचे जे प्रचंड जागरण झाले, ते जेथे शेती, विणकाम आणि छापखाना चालत होता अशाच ठिकाणी झाले, आणि स्वतः बाई प्रार्थनेबरोबर बायबलच्या सुबोध मराठी भाषांतराचे अवघड काम वर्षानुवर्षे करीत होत्या. म्हणून दुपारच्या त्या घटकांत पुस्तक मिटावे आणि तांदूळ निवडावेत, मुलांच्या कपड्यांची बटणे लावावीत, अंगणातील आळी उकरावीत. एखादे छोटे वचन तेवढे मनात घोळवीत राहावे. तांदूळ निवडून झाले म्हणजे घरातील एक काम कमी होते, हाही लाभ किरकोळ मानू नये.

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी वही ठेवण्याची चाल चांगली आहे. पण ती वही कुलूपबंद असावी. 'प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते' अशी प्रस्तावना करून शेजारणीच्या मुलीचे मोडलेले लग्न, अमक्याचे पिणे आणि तमक्याचे कर्ज मंडळीभर पोहोचते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की कोणी हे शब्द उच्चारले म्हणजे मी स्वयंपाकघरात जाण्याचे निमित्त शोधते. देवाला नावे ठाऊक आहेत. वहीत आद्याक्षरे लिहिली तरी चालते.

त्याहून मोठा धोका संध्याकाळी असतो. दिवसभराच्या एकांताने मन हळवे व उंचावलेले असते, आणि अशा वेळी शास्त्र सहज उघडले असता जे वचन समोर येईल तो आपल्याला आलेला हुकूम आहे, असे मानण्याचा मोह अनावर होतो. माझ्या परिचयाच्या एका सज्जनांनी अशाच एका संध्याकाळी नोकरीचा राजीनामा लिहिला आणि सकाळ होण्याची वाट न पाहता तो टाकलाही. पुढची कित्येक वर्षे त्यांच्या कुटुंबाने जी ओढाताण सोसली, तिचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. लोयोलाच्या इग्नेशियसचे नाव काढले म्हणून आमच्या प्रॉटेस्टंट वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत, कारण १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात या बाबतीत फार शहाणपणाचे नियम आहेत: मन खिन्न व शुष्क असता पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, आणि समाधान उतू जात असतानाही, ती मूळ प्रेरणा कोणती व तिच्या मागोमाग आपल्या मनाने रचलेले बेत कोणते, हे निवडून पाहावे. माझ्या घरी नियम याहून सोपा आहे. प्रार्थनेच्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करावयाची नाही, आणि सुचलेला निर्णय आठ दिवस वहीत पडू द्यावयाचा.

कोणी दार ठोठावले तर काय करावे, असेही विचारतात. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू पहाटे अंधारातच उठून निर्जन ठिकाणी प्रार्थनेला गेला असता शिमोन व त्याचे सोबती शोधीत शोधीत तेथवर आले आणि सगळे लोक आपला शोध करीत आहेत असे म्हणाले. तेव्हा त्याने त्यांना थांबावयास सांगितले नाही, त्यांना बरोबर घेऊन तो जवळच्या गावांकडे निघाला. दार उघडावे. पाहुणा खरोखर अडचणीत असेल तर दिवस त्याला द्यावा आणि पुढच्या आठवड्यातील दुसरा वार पाहावा. नुसत्या गप्पांना आला असेल तर चहा देऊन, घड्याळाकडे न पाहता, पण मोढा न सरकवता त्याची बोळवण करावी.

आता आमच्या घरी हा दिवस प्रत्येक वडीलधाऱ्याला पाळीने मिळतो. मुलगा व सूनबाई यांचे दिवस वेगळे, माझा वेगळा. सूनबाई नोकरी करते, आणि तिच्या पाळीच्या दिवशी ती बहुतेक वेळ झोपते, असे मुलाने एकदा थोड्या नाराजीने माझ्या कानावर घातले. मी त्याला राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील एलीया वाचावयास दिला. मरण मागून रतामाच्या झुडपाखाली पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही; दोनदा उठवून खाऊ घातले, मध्ये त्याला झोपू दिले, आणि होरेब डोंगरावरची ती मंद वाणी त्याच्या कानी पडली ती यानंतर चाळीस दिवसांचा रस्ता चालून गेल्यावर. तेव्हापासून सूनबाईच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत तिला कोणी हाक मारीत नाही, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असते, आणि त्या दिवशीच्या आमटीविषयी ज्या काही तक्रारी असतील त्या फक्त माझ्याकडेच कराव्यात, असा घरात हुकूम आहे.