कन्सोल घ्यावासा का वाटत नाही?

प्रश्न : लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटवरून भावाशी भांडायचो. नोकरी लागली की प्लेस्टेशन घ्यायचंच, असं ठरवलं होतं. आता पैसे साठलेत, पण दुकानात जाऊन नुसता बघून परत येतो. मोबाईलवर मात्र रोज खेळतो. माझी हौस सरली, की कन्सोलचेच दिवस भरले?
– एक वाचक, दिघा, नवी मुंबई

उत्तर : रोज खेळताय, म्हणजे हौस शाबूत आहे. बदलली आहे ती खेळायची रीत. कन्सोलला काही गोष्टी लागतात : टीव्ही मोकळा हवा, हातात सलग तासदोन तास हवेत आणि विकत आणलेल्या एकाच गेमचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवायची तयारी हवी. एका खोलीच्या घरात टीव्हीवर सगळ्यांचाच हक्क असतो. कंपनीत पाळी बदलत असेल, तर सलग वेळ मिळणंही कठीण.

मोबाईलने या अटीच काढून टाकल्या. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार, बीजीएमआय सुरू झाला. फुकट गेम, आणि सगळे मित्र तिथेच. दिघा गाव स्थानकात गाडीत चढलात की वाशी येईपर्यंत त्यातल्या टीडीएमच्या, म्हणजे टीम डेथमॅचच्या, एकदोन छोट्या मॅच सहज होतात. उलट पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास. एवढं करूनही मित्र मोबाईलवरच असतील, तर खेळायचं कुणाबरोबर? माझ्या मते दुकानातून तुम्हाला मागे फिरवतो तो हाच प्रश्न. किंमत त्यानंतर येते.

आणखी एक कारण आहे. पूर्वी एखादा गेम हवा तर तो ज्या कन्सोलवर चाले तोच कन्सोल घ्यावा लागे. आता तसं राहिलं नाही. प्लेस्टेशनचा ‘गॉड ऑफ वॉर’ जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आला, एक्सबॉक्सचा ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५ मध्ये पीएस५वर. त्यामुळे अमुक कन्सोल नसला तर अमुक गेमला मुकणार, ही धास्ती पुष्कळ कमी झाली.

पण कन्सोलचे दिवस भरले, असं मी म्हणणार नाही. तुमच्याच प्रश्नातला भाऊ मला महत्त्वाचा वाटतो. तुमच्या त्या टीव्ही गेमच्या काळातल्या ‘काँट्रा’ची मजा दोन रिमोट, एकच पडदा आणि शेजारी बसलेला माणूस यांत होती. तो मेला की ओरडायचं, आपण मेलो की त्याच्याकडे एक लाईफ मागायची. मोबाईलवर मित्राचा आवाज कानात येतो, पण कोपरखळी मारता येत नाही. ती मजा कन्सोलवर आजही मिळते. २०२१चा ‘इट टेक्स टू’ एकट्याने खेळताच येत नाही. त्याला दोन माणसं लागतातच. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. त्याच कंपनीचा ‘स्प्लिट फिक्शन’ २०२५ मध्ये आला, तोही दोघांचाच.

तेव्हा खरेदी जरा थांबवा आणि आपल्याला खेळावेसेच वाटतात असे तीन गेम कागदावर लिहून काढा. तिन्ही मोबाईलवरचे निघाले, तर पैसे चांगल्या फोनवर घाला. लांबलचक कथेचे किंवा शेजारी बसून खेळायचे निघाले, तर तासावर पीएस५ देणाऱ्या एखाद्या पार्लरमध्ये भावाला घेऊन जा आणि दोघं खेळून बघा. तिथून निघताना ‘अजून एक तास’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणालं, तर कन्सोल खुशाल घ्या. फक्त डिस्क चालणारं मॉडेल निवडा : संपलेला गेम विकता येतो, अदलाबदल करता येते, आणि पुढच्या गेमचा खर्च त्यातून बराच निघतो.