लहान चर्चचा इतिहास कसा शोधावा?

आपल्या भागातल्या देवळांचा, मठांचा इतिहास घरोघरी ऐकायला मिळतो. गावच्या लहान चर्चचा मात्र तिथल्या मंडळीबाहेर सहसा कोणी सांगत नाही. या पाठात आपण तो शोधायला शिकू.

१८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला. १८२० मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून येथे आले, पुढे विल्यम बेनन आले. 'बेननस्मिथ' हायस्कूलच्या नावातले बेनन ते हेच. लष्करात मद्रासकडची तमिळ बोलणारी कुटुंबे, पेठेत मराठी, आसपास कन्नड. मग चर्च मराठी की कन्नड? आपल्याकडे हा प्रश्न लगेच येतो, पण इथे त्याचा उपयोग नाही. फक्त मराठी वाचणाऱ्याला या इतिहासाचा एक तुकडाच मिळेल. मराठी शाळेच्या पत्रकात आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत.

दुसरी गोष्ट पंथाची. १९०४ मध्ये लंडन मिशनने बेळगावचे काम मेथडिस्टांकडे सोपवले. निपाणीच्या उत्तरेला कोल्हापुरात १८५२ मध्ये अमेरिकेचे रॉयल वाइल्डर आले होते. म्हणजे शेजारच्या दोन गावांचे जुने कागद दोन वेगळ्या देशांत असू शकतात.

बाप्टिस्ट पंथाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. त्यामुळे दप्तर गावातच, बहुधा कोणाच्या तरी ट्रंकेत. ती ट्रंक गेली की सगळे गेले. शिवाय ते तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. समजत्या वयात, स्वतःच्या कबुलीवर, पाण्यात बुडवून देतात. तेव्हा नोंदवहीतल्या तारखेवरून जन्मसाल काढू नये. मेथडिस्ट तान्ह्या मुलांनाही देतात, तिथे अंदाज बांधता येतो.

अशा लहान मंडळीला कमी लेखू नका. इंग्लंडमधल्या मोल्टन खेड्यातल्या बाप्टिस्ट चर्चचे पाळक विल्यम कॅरी पोटासाठी जोडे शिवत, शाळाही चालवत. त्यांनीच पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. १८१० मध्ये मराठी कोश काढला, तोही मोडी लिपीत.

स्वाध्याय : आपल्या जवळच्या चर्चच्या पाळकांची परवानगी घेऊन कोनशिला आणि जुने थडग्यांचे दगड पाहा. मजकूर ज्या लिपीत असेल त्याच लिपीत उतरवा. चुकीचे अक्षरही सुधारू नका. कन्नड वा तमिळ वाचता येत नसेल तर शेजारच्या काकांना, आजींना सोबत न्या.