मित्राला साथ द्यावी, पण कुठवर? – नेमबाज जिगेनच्या निमित्ताने



घरातली मुले कार्टून पाहायला बसली की आपण बहुधा दुसऱ्या खोलीत कामाला लागतो. पण काही ॲनिमेशनपट मुलांसोबत बसून पाहावेत असे असतात. आज आपण अशाच एका जपानी चित्रपटातील दुय्यम पात्राचा अभ्यास करणार आहोत. त्यातून पुढे येणारा प्रश्न तरुण मुलांच्या आईवडिलांना चांगलाच ओळखीचा आहे : मित्राला साथ द्यावी ती कुठवर?

चित्रपटाची ओळख

'काग्लिओस्त्रोचा किल्ला' हा चित्रपट डिसेंबर १९७९ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढे २००३ आणि २०२४ साली त्यांच्या चित्रपटांना ऑस्कर पुरस्कार मिळाले. कथेचा नायक 'लुपिन तिसरा' हा चोर आहे. 'मंकी पंच' या टोपणनावाने चित्रकथा काढणारे काझुहिको कातो यांनी १९६७ साली हे पात्र निर्माण केले. फ्रेंच लेखक मोरिस लब्लां यांच्या कथांमधील गाजलेला चोर आर्सेन लुपिन याचा हा नातू, अशी ती कल्पना.

या लुपिनचा जोडीदार म्हणजे दाइसुके जिगेन. काळा सूट, डोळ्यांपर्यंत ओढलेली हॅट, दाढी, ओठांत सिगारेट आणि हातात मॅग्नम रिव्हॉल्व्हर. बोलणे कमी, नेम अचूक. कियोशी कोबायाशी या कलावंताने १९७१ च्या दूरचित्रवाणी मालिकेपासून २०२१ पर्यंत या पात्राला आवाज दिला. २०२२ साली त्यांचे निधन झाले. नायकाची भूमिका नसताना एकाच पात्राला आयुष्याची पन्नास वर्षे देणे, हीसुद्धा एक निष्ठाच म्हणायची.

थोडक्यात कथा

सुरुवातीला लुपिन आणि जिगेन मोनॅकोमधील एक कॅसिनो लुटून पळतात. त्यांची छोटी फियाट गाडी नोटांनी गच्च भरलेली असते. मात्र त्या नोटा बनावट असल्याचे लुपिनच्या लक्षात येते आणि दोघे त्या वाऱ्यावर उधळून टाकतात. बनावट नोटांचा माग काढत ते काग्लिओस्त्रो या चिमुकल्या काल्पनिक राज्यात येतात. वाटेत गाडीचे चाक बसते. जिगेन खाली वाकून चाक बदलत असतो, इतक्यात नववधूच्या पोशाखातली एक मुलगी भरधाव गाडीतून जाते आणि तिच्यामागे गुंडांची गाडी. ही मुलगी म्हणजे क्लारिस. तेथील सत्ताधारी काउंट तिच्याशी बळजबरीने लग्न करू पाहत असतो. आता लुपिनला नोटांपेक्षा तिच्या सुटकेची काळजी लागते, आणि जिगेन त्याच्याबरोबर निघतो.

आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट : जिगेन विचारतो, पण अडून बसत नाही. या मुलीचा आणि तुझा काय संबंध, हे त्याला जाणून घ्यायचे असते. लुपिन उत्तर टाळतो. खरी हकिकत जिगेनला पुष्कळ नंतर, लुपिन जखमी होऊन पडला असताना कळते : दहा वर्षांपूर्वी याच किल्ल्यात शिरताना लुपिन घायाळ झाला होता आणि लहानग्या क्लारिसने त्याला पाणी पाजले होते. तोवर जिगेन केवळ मित्राच्या विश्वासावर चालतो. मात्र एका छळल्या जाणाऱ्या मुलीला सोडवायचे आहे, एवढे तर त्याच्या डोळ्यांसमोर असतेच.

दुसरी गोष्ट : आपले बळ अपुरे पडले तर तो हार मानत नाही. काउंटचे चिलखतधारी मारेकरी रात्री खाणावळीवर हल्ला करतात, तेव्हा त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या त्यांच्यावर आदळून निष्फळ ठरतात. दोघांना पळ काढावा लागतो. पण लग्नाच्या दिवशी जिगेन रणगाडाविरोधी लांब बंदूक घेऊन हजर होतो आणि तलवारबाज गोएमोनसह मारेकऱ्यांना रोखून धरतो. त्यामुळेच लुपिन आणि क्लारिस यांना निसटता येते. साथ द्यायची तर नुसती इच्छा पुरत नाही, तयारीही लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. शेवटी क्लारिसला लुपिनसोबत जायचे असते. तो तिला मायेने नकार देतो आणि निघतो. गाडीत जिगेन त्याला म्हणतो की तुला राहायचे असेल तर खुशाल राहा. ज्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याला मोकळे सोडण्याचीही त्याची तयारी आहे. केलेल्या उपकाराचा हिशेब तो मांडत नाही. आपल्या कितीतरी मैत्री, आणि नातीही, याच हिशेबापायी तुटतात.

सावधगिरीची एक बाब

हे सारे खरे असले तरी जिगेनला आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवण्याआधी आपण थांबले पाहिजे. कॅसिनो लुटतानाही तो इतकाच निष्ठावान होता. नेम तोच, मैत्री तीच. पण काम चोरीचे. चित्रपट संपतो तेव्हाही हे दोघे चोरच असतात. म्हणजे निष्ठा ही एक शक्ती आहे. ती चांगली की वाईट, हे ती कोणत्या कामाला जुंपली यावर ठरते. टोळीतही एकमेकांसाठी जीव देणारे असतात.

म्हणून मुलगा मित्रांसाठी रात्री-बेरात्री धावत असेल तर 'ती संगत सोड' एवढेच सांगून भागत नाही. त्याची धाव खोटी नसते. 'तू कोणत्या कामासाठी धावतोस?' हे त्याला प्रेमाने विचारावे. अपघातग्रस्त मित्रासाठी रक्त द्यायला धावणे वेगळे आणि मारामारीत हात उचलायला धावणे वेगळे. हा फरक जो मित्राला तोंडावर सांगू शकतो, तोच खरा पाठीराखा.

घरी चर्चा करण्यासाठी

१. मित्राने कारण न सांगता मदत मागितली तर आपण कोणती गोष्ट आधी तपासावी?
२. मित्राला 'नाही' म्हणणे ही कधी निष्ठा ठरते?
३. केलेली मदत आपण कोणाला वारंवार ऐकवून दाखवतो का?