सायकल पोरीच्या मापाची घ्या

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत वस्तीत एक प्रश्न हमखास निघतो. पोरगी आठवीत गेली, सायकल कोणती घ्यावी? आणि सल्लाही ठरलेला असतो : मोठीच घ्या, बारावीपर्यंत पुरेल. वाढत्या अंगाचा ड्रेस शिवतात तसा हा हिशेब. पण ड्रेस मोठा झाला तर दुमडता येतो. सायकल मोठी झाली तर मुलगी पडते. दोनदा पडली की घाबरते आणि मग ती सायकल भाऊ घेऊन फिरतो, नाहीतर भिंतीला टेकून गंजते. मुलगी पुन्हा पायीच.

मोठी सायकल घेण्यामागे कारण आहे, तेही खरे आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. आपला जालना जिल्हा या कार्यक्रमात आहे. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते. २०२२ साली ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. ती मुलीच्या बँक खात्यात जमा होते आणि सगळी एकदम येत नाही, काही भाग सायकलची पावती दिल्यावर मिळतो. म्हणून पक्के बिल मागून घ्या. अर्जाची चौकशी मुख्याध्यापकांकडे करा. हे पैसे एकदाच मिळतात, म्हणूनच आईबापाला वाटते की मोठी घ्यावी. मुलीच्या वाढीचे गणित मात्र वेगळे आहे.

पाळी सुरू झाल्यानंतर मुलीची उंची साधारण दोन-तीन इंचच वाढते. आपल्या देशात बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. म्हणजे आठवीतली साडेचार-पावणेपाच फुटांची मुलगी बारावीत जाईपर्यंत सहा फुटांची होणार नाही. तेवढी वाढ सीट वर करून सहज भागते. म्हणून पाच फुटांच्या आतल्या मुलीला २४ इंची चाकाची लेडीज सायकल बघावी. पाच फूट किंवा थोडी जास्त उंची असेल तर खालच्या दांडीची २६ इंची चालते. घरातली २८ इंची काळी सायकल शिकायला देऊ नये. आपण सगळे हाफ पायडल मारूनच शिकलो हे खरे, पण गुडघे किती फुटले तेही आठवा.

दुकानात जाण्याआधी घरी एक माप घ्या. मुलीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करा. दोन पायांच्या मध्ये एक वही आडवी धरून वर टेकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. सीट पूर्ण खाली केल्यावर जमिनीपासून सीटच्या माथ्याची उंची या मापाहून जास्त भरली, तर नवशिक्या मुलीला ती सायकल मोठी. उंचीपेक्षा हे माप जास्त खरे, कारण सारख्या उंचीच्या दोन मुलींचे पाय सारखे लांब नसतात.

मुलीला सोबत न्या. सायकल घरी आणून तिला चकित करायची हौस इथे नको. तिला सीटवर बसवा, दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत. मग ब्रेक दाबायला सांगा. लहान हाताची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचत नाहीत, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बऱ्याच ब्रेकला दांडी जवळ आणायचा बारीक स्क्रू असतो, तो दुकानदाराकडून फिरवून घ्या. शेवटी सायकल उचलायला लावा. ओट्यावर, उंबऱ्याच्या आत रोज तीच चढवणार आहे.

गिअर आणि पुढचे शॉकअप दिसायला छान, पण स्वस्त सायकलीत ते नुसते वजन वाढवतात आणि बिघडले की गावात दुरुस्ती होत नाही. त्या पैशात चेनकव्हर, मडगार्ड, मजबूत कॅरिअर, स्टँड, घंटी आणि मागचा लाल रिफ्लेक्टर बघा. पूर्ण चेनकव्हर असले की ओढणी आणि सलवार चेनमध्ये जात नाही, तरी ओढणी कमरेला बांधायचीच. टायर फार बारीक नको, आपल्याकडे बाभळीचे काटे आणि पांदीचे रस्ते आहेत. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरून चाक अडकते, म्हणून टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा असावी. अशी साधी सायकल शाळेलाही चालते, बाजाराला आणि गिरणीलाही. दांडी खाली असल्यामुळे साडीतली आईसुद्धा ती चालवू शकते.

आईने का नाही शिकायचे? तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या, लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा पुरुषांच्या सायकलीवर. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या. तिथल्या अभ्यासात दिसले की माध्यमिक शाळेत जाण्यातले मुला-मुलींमधले अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे फायदा अधिक.

शिकायला विहारापुढचे अंगण किंवा शाळेचे मैदान बरे, मत्स्योदरीच्या टेकडीकडचा उतार नको. सायकलवाल्याकडून दोन्ही पायडल काढून घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घरी पाना लावून जोर करू नका. सीट खाली करून मुलीला पायांनी जमीन ढकलत सायकल चालवू द्या. दोन-तीन दिवसांत पाय आपोआप उचलले जातात, मग पायडल लावा. मागे धरून पळायची गरज पडत नाही.

एकदा तोल जमला की सीट वर घ्यायला विसरू नका. सीट खालीच राहिली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलला लागतो. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीटच्या पाइपावर खूण असते, तिच्या वर पाइप काढू नये.

पाळीच्या दिवसांत सायकल चालवली तर अपाय होतो, किंवा सायकलने पुढे मूल व्हायला अडचण येते, असे काही आज्या अजून म्हणतात. तसे काही नाही. दुखत नसेल तर खुशाल चालवावी. पहिल्या आठवड्यात बसायची जागा सगळ्यांचीच दुखते, ती नंतर थांबते. मुलीला सतत धाप लागत असेल, डोळ्यांची आतली बाजू फिकट दिसत असेल तर सायकल सोडवू नका, सरकारी दवाखान्यात रक्त तपासा.

उसाच्या हंगामात जालना रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागची ट्रॉली वळताना आत येते. ट्रॅक्टर येताना दिसला की सायकलवरून उतरून कडेला उभे राहायचे, हे पहिल्याच दिवशी शिकवा.