प्रतिदाब : पाण्याच्या नळीपासून इंजिनाच्या सायलेन्सरपर्यंत

डिझेल इंजिन काळा धूर ओकू लागले, त्याची ओढ कमी झाली आणि डिझेल जास्त लागू लागले, की पहिला संशय बहुधा नोझल व इंधन पंपावर घेतला जातो. नोझल बदलले जाते, पंपाचे कॅलिब्रेशन होते, खर्च होतो. तरीही कधीकधी तक्रार कायम राहते. अशा वेळी दोष धूर बाहेर पडण्याच्या वाटेत असू शकतो. ही वाट अरुंद झाली किंवा तुंबली, की तिच्यात प्रवाहाला विरोध करणारा दाब वाढतो. त्यास प्रतिदाब म्हणतात. कार्यशाळेत तो ‘बॅक प्रेशर’ या नावाने परिचित आहे.

संकल्पना व दोन नियम

प्रतिदाब म्हणजे प्रवाह उलट फिरणे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. प्रवाह पुढेच जात असतो. मात्र घर्षण, वळणे, झडपा व गाळण्या यांवर मात करून त्याला पुढे नेण्यासाठी मागून अधिक दाब द्यावा लागतो.

याबाबत दोन नियम लक्षात ठेवावेत. पहिला, नेहमीच्या खळाळत्या प्रवाहात वेग दुप्पट झाला की दाबाची हानी सुमारे चौपट होते. दुसरा, प्रवाह तेवढाच ठेवून नळीचा व्यास कमी केल्यास घर्षणामुळे होणारी हानी व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ५० मिमी आतील व्यासाच्या नळीऐवजी ४० मिमीची नळी बसविली, तर हानी सुमारे तिप्पट होते. हे नियम पाण्याला जसे लागू आहेत, तसेच धुरालाही.

ठिबक संचातील उदाहरण

ठिबक संचात गाळणीच्या आधी व नंतर दाबमापक असतात. गाळणी स्वच्छ असताना दोन्हींतील फरक अल्प असतो. गाळ साचत जातो तसा पहिल्या मापकातील दाब चढतो आणि दुसऱ्यातील उतरतो. हा फरक ०.५ किग्रॅ प्रति चौ. सेंमी.पर्यंत पोहोचला, तर सुमारे ५ मीटर उंचीचा दाब केवळ गाळणीतच खर्ची पडत आहे, असे समजावे. शेवटच्या तोट्यांना पाणी कमी पडण्याचे ते एक कारण असते. गाळणी धुतली की पंप न बदलताच दाब पूर्ववत होतो. सायलेन्सरचेही असेच आहे. फरक इतकाच, की तेथे दाबमापक बसविलेला नसतो.

इंजिनावर होणारा परिणाम

चार-स्ट्रोक इंजिनात निष्कास स्ट्रोकच्या वेळी दट्ट्या वर सरकतो आणि जळालेले वायू झडपेतून बाहेर ढकलतो. बाहेर प्रतिदाब असेल तर या कामाला अधिक शक्ती लागते. ३ लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्ये सेकंदाला ५० लिटर आकारमान रिकामे करतात. प्रतिदाब १० किलोपास्कलने वाढल्यास या कामासाठी ५०० वॅट, म्हणजे सुमारे पाऊण अश्वशक्तीच्या जवळपास जादा शक्ती जाते.

ही थेट हानी लहान वाटेल. परंतु खरे नुकसान पुढे आहे. जळालेल्या वायूंचा काही भाग सिलिंडरमध्येच उरतो, ताज्या हवेला जागा कमी मिळते आणि इंधन अर्धवट जळते. परिणामी काळा धूर, तापलेला निष्कास व वाढलेला इंधनखर्च ही लक्षणे दिसतात. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात टर्बाइनच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक घटतो. त्यामुळे हवेचा पुरवठा आणखी कमी होतो. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी पुन्हा सायलेन्सरमध्येच साचते आणि दोष आपोआप वाढत जातो.

कारणे

सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी, चेपलेली नळी, गंजून अडकलेले पावसाळी झाकण, बंद हंगामात नळीत झालेली कीटकांची मातीची घरटी आणि मूळ मापापेक्षा अरुंद स्थानिक सायलेन्सर ही नेहमीची कारणे होत. पंपघरातून धूर बाहेर काढण्यासाठी लांब व अनेक वळणांची नळी जोडली जाते. अशी नळी मूळ व्यासापेक्षा मोठी घ्यावी. आवाज कमी करण्यासाठी नळीचे तोंड पाण्यात बुडविणे हा घातक उपाय आहे. तोंड ३० सेंमी बुडाल्यास तेवढ्यानेच सुमारे ३ किलोपास्कल प्रतिदाब वाढतो.

तपासणी

१. प्रथम हवेची गाळणी तपासावी. ती तुंबल्यासही हीच लक्षणे दिसतात.
२. निष्कास नळीवर, सायलेन्सरच्या आधी, लहान छिद्रास तांब्याची सुमारे अर्धा मीटर नळी जोडावी, म्हणजे वायू थंड होतील.
३. तिच्या टोकाला पाणी भरलेली पारदर्शक यू-आकाराची नळी जोडून तिचे दुसरे तोंड उघडे ठेवावे.
४. इंजिन पूर्ण भारावर चालवून दोन्ही पातळ्यांतील अंतर मोजावे. १० सेंमी अंतर म्हणजे सुमारे १ किलोपास्कल.
५. हा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा.

काजळी काढल्यावर ती का साचली, हेही शोधावे. सदोष नोझल, सिलिंडरमध्ये जळणारे वंगण किंवा इंजिन दीर्घकाळ विनाभार चालविणे ही त्याची मुळे असतात.

सायलेन्सर काढून टाकावा का?

मुळीच नाही. तीव्र आवाजाने श्रवणशक्तीची कायमची हानी होते आणि ठिणग्यांमुळे वाळलेल्या पिकास आग लागू शकते. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ मानके लागू आहेत. त्यांपैकी काहींत काजळीची गाळणी असते. तिच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक संवेदक मोजतो आणि काजळी वाढल्यावर ती जाळून टाकण्याची प्रक्रिया सुरू होते. या वेळी इंजिन मध्येच बंद करू नये.

शेवटी एक गंभीर इशारा. विहिरीत, खड्ड्यात किंवा बंद पंपघरात इंजिन चालू असताना धुराची नळी तुंबली, तर जोडांतून गळणारा कार्बन मोनॉक्साइड तेथेच साचतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. इंजिन बंद पडले म्हणून लगेच विहिरीत उतरणे जिवावर बेतू शकते, आणि उतरलेला माणूस कोसळला म्हणून त्याच्यामागे धावणारा दुसराही त्यातच सापडतो. म्हणून इंजिन उघड्या हवेतच बसवावे. हंगामाच्या आरंभी हवेची गाळणी व सायलेन्सर दोन्ही तपासावेत. यासाठी लागणारा वेळ अर्ध्या दिवसाहून अधिक नाही. वाचतो तो पैसा, आणि प्रसंगी प्राणही.