पहिल्या कादंबरीचा जमाखर्च

डोंबिवलीत लेखक असण्याचं कुणाला अप्रूप नाही. पु. भा. भावे इथले, शं. ना. नवरे इथले, फडके रोडवर संध्याकाळी दहा माणसं भेटली तर त्यांतल्या एकाच्या खिशात कविता निघते. मी फोर्टातल्या एका कंपनीत हिशेब बघते. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिली कादंबरी छापून आली, तिला सात वर्षं लागली. त्यात जे कळलं ते आठवेल तसं लिहिते.

१. लोकलमध्ये लिहिता येत नाही.

भेटेल तो विचारतो, ‘प्रवासात लिहिलीत का?’ सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये नाकावरची माशी हाकलायला हात वर येत नाही, वही कुठली काढता! लोकल ऐकायला असते. ‘कुठे उतरणार?’ ‘घाटकोपर.’ ‘मग तुमची सीट मला. ह्यांना आधीच सांगून ठेवलंय हं.’ एवढ्यात दोन बायकांचे स्वभाव कळतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात तेवढ्यासाठी दोन पानं खर्ची पडली होती. लिहिणं घरी, पहाटे पावणेपाच ते सहा, दूधवाला यायच्या आत, ओट्यावर.

फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं. तिन्ही दिवस गेले, पिशवीभर पुस्तकं आणली, आपण लेखिकाच झालो असं वाटत राहिलं. त्या आठवड्यात एक ओळ लिहून झाली नाही.

२. पहिली ऐंशी पानं आपल्यासाठी असतात.

कल्याणचं माहेर, वाडा, आजी, अंगणातला पारिजातक. सगळं खरं होतं, आणि कादंबरीचं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. काढून टाकायला दीड वर्ष लागलं.

३. सासूबाईंना वाचून दाखवा.

लिहिणाऱ्या मैत्रिणी ‘छान झालंय गं’ म्हणतात, कारण पुढच्या महिन्यात त्यांचं आपल्याला ऐकायचं असतं. सासूबाई मेथी निवडत ऐकायच्या. माझी नायिका खिडकीत उभी राहून पाऊस बघते, असा अकरा पानांचा भाग मी अगदी मन लावून वाचला. त्या म्हणाल्या, ‘हिला घरात काही काम नाही का गं? आणि खर्चाचं कोण बघतं?’

मी चिडले. दोन दिवस कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी पहाटे नायिकेला ठाण्यात एका औषधाच्या दुकानात नोकरीला लावलं. दुकानात गिऱ्हाईक येतं, उधारी राहते, मालक सणालासुद्धा लवकर सोडत नाही. अडून बसलेली कादंबरी त्या आठवड्यात चालायला लागली. खिडकीची अकरा पानं अर्ध्या पानावर आली, आणि ते अर्धं पानही सासूबाईंनी नुसतं चालवून घेतलं.

४. गाडी तेव्हा होती का, ते बघा.

कादंबरीचा काळ १९९२. त्यात मी नायिकेला ठाण्याहून वाशीला लोकलने धाडलं होतं. नवरा म्हणाला, ‘ती लाइन प्रवाशांसाठी सुरू झाली २००४ ला.’ मग बसने पाठवावी लागली. बस रखडली, आणि त्या खोळंब्यात तिचं नि दिराचं भांडण झालं. ते माझ्या आराखड्यात नव्हतंच.

५. इतरांच्याही पहिल्या कादंबऱ्या वाचा.

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ सालच्या त्या संस्थेत, मी काही महिने मुद्दाम तेवढ्याच शोधल्या. श्री. ना. पेंडसे बेस्टमधली नोकरी सांभाळून लिहायचे. त्यांची पहिली ‘एल्गार’ १९४९ ची, नावाजलेली ‘रथचक्र’ १९६२ ची. मधली तेरा वर्षं मोजली आणि मला रात्री नीट झोप लागली.

६. करार हिशेबनिसासारखा वाचा.

इथे माझा धंदा कामाला आला, पण उशिरा. एका प्रकाशकाकडे हस्तलिखित अकरा महिने पडून होतं. दुसऱ्याने आठवड्यात होकार कळवला आणि पाठोपाठ, तीनशे प्रती मी विकत घ्यायच्या, असंही कळवलं. तिसऱ्याने पैसे मागितले नाहीत. तिथे मी इतकी विरघळले की न वाचता सही केली. घरी येऊन वाचलं, तर मानधन कशावर मोजायचं, छापील किमतीवर की विक्रीतून हाती आलेल्या रकमेवर, हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. वितरकाची सूट वजा झाल्यावर या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. श्राव्य पुस्तकाचे हक्क मात्र स्वच्छ अक्षरांत त्यांच्याकडे गेले होते. दुसऱ्याचं असं व्हाउचर मी परत पाठवलं असतं.

राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, खास पहिल्या पुस्तकाकरता. ती मला कळली ती सही झाल्यानंतर.

७. प्रूफं तीनदा, आणि एकदा उलटी.

मी टंकलं युनिकोडमध्ये, मांडणी झाली जुन्या फाँटमध्ये. त्या बदलात ‘ऱ्या’ मोडला. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘बिचाऱ्या’, ‘नवऱ्याला’. माझ्या कादंबरीत नवरा पानोपानी, तेव्हा कल्पना करा. गोष्ट वाचत गेलं की डोळा चुकीवरून घसरतो. म्हणून शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे, ओळीखाली पट्टी धरून वाचलं. तरी एका प्रकरणात दिराचं जुनं नाव राहून गेलंच.

८. नातेवाईक गिऱ्हाईक नसतात.

लेखकाच्या सवलतीत घेतलेल्या दीडशे प्रती दिवाणात, गाद्यांखाली. त्यांतल्या साठ सप्रेम भेट गेल्या. एका आतेभावाने तर ‘दोन दे, ऑफिसात एकाला लागते’ म्हटलं.

सासूबाईंनी छापील पुस्तक चष्मा लावून चार दिवसांत संपवलं. मी चहा घेऊन समोर बसले. बराच वेळ त्या पान शोधत होत्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, ‘इथे ही कुकर लावून दिराला गाठायला जाते, ती रात्रीच परत येते. गॅस कोणी बंद केला?’

दुसरी आवृत्ती निघाली, तर तो बंद करायचा आहे.